नमुना सही

आम्ही बी.कॉम. मंडळी जगाची वाटणी दोनच बाजूंत करतो: नावे आणि जमा. कला शाखा आमच्या हिशेबी कायम नावे बाजूला. म्हणूनच वालूरच्या शाखेत नवी कारकून आली आणि आपण बी.ए. असून इंटरमीजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी मिळाल्याचं तिने सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं. कॅलेंडर सरळ टांगायला कोणीतरी हवंच होतं."

रविवारी ती गावातल्या चक्राकार बारवेचं चित्र काढत बसली. बारव मीही पाहिली होती. म्हणजे पायऱ्या मोजल्या होत्या, दोनदा, आणि दोन्ही वेळा बेरीज जुळली नव्हती! त्या पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे कशा उतरतात, हे मात्र तिच्या वहीत पाहिलं.

पुढे एकदा एक आजोबा पैसे काढायला आले. घरी दुखणं होतं. स्क्रीनवरची नमुना सही आणि स्लिपवरची सही यांचं नातं अगदी भावकीसारखं: आडनाव एक, बाकी काही जुळेना. मी स्लिप तीनदा परत केली.

"हात म्हातारा झालाय सायेब, सही तरणी कुठून आणू?" म्हणत ते निघाले.

शेजारून ती म्हणाली, "सर, रेघ थरथरलीय, पण वळण तेच आहे. 'र' बघा, खालून वर नेलाय. नक्कल करणारा आकार जुळवतो, हाताची चाल नाही."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की! मग आधार, पासबुकावरचा फोटो, मॅनेजरसाहेब असे सगळे सोपस्कार करून पैसे दिले. एरवी आजोबा गेलेच होते.

आता सांगायला हरकत नाही, एलिमेंटरी मीही पास आहे. "चित्रं काढून पोट भरतं का?" असं वडील म्हणाले आणि रंगपेटी माळ्यावर गेली. पडद्यावर आम्हा कारकुनांचा चेहरा ठरलेले अमोल पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि बँक ऑफ इंडियात नोकरी केलेले, हे तेव्हा वडिलांना सांगायला हवं होतं. पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?

आमचे चिरंजीव इंटरमीजिएटचा फॉर्म घेऊन महिनाभर मागे लागले होते. अ श्रेणीला दहावीत ७ गुण मिळतात म्हणे. "७ गुणांसाठी वर्षभर रंग घ्यायचे? हा व्याजदर परवडत नाही," असं म्हणून मी तो टाळत होतो. त्या संध्याकाळी मीच फॉर्म मागून घेतला आणि सही केली.

चिरंजीवांनी ती प्रगतिपुस्तकावरच्या सहीशी ताडून पाहिली.

"बाबा, जुळत नाही."