पाचशे मैलांच्या आतला समुद्र



दिवाळीनंतर आपल्याकडे एकच विषय असतो, सुट्टीत कुठे जायचं. चातुर्मास संपेपर्यंत आमच्या घरात कुणी बॅगेला हात लावत नाही, पण कार्तिकी पौर्णिमा झाली की फोनवर हॉटेलांचे फोटो फिरायला लागतात. यंदा डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरला. मुलाची कंपनी चाकणला आहे, वर्षअखेरीला तिथे यंत्रांच्या देखभालीसाठी काम बंद असतं, आणि नातवालाही नाताळची सुट्टी. समुद्र हवा, शहर गजबजलेलं हवं, आणि गोवा नको, एवढं एकमताने ठरलं. मुंबईचं नाव निघताच नातवाने हात जोडले. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना मुंबई म्हणजे सहल वाटतच नाही, ते द्रुतगती मार्गावरचं पुढचं स्टेशन.

मुलाने कोची ठरवलं. विमान, तीन दिवस शहरात, एक रात्र हाउसबोटीवर. सगळं पाहून ठेवलं होतं, फक्त पैसे भरायचे बाकी. आणि सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मला दिशेची मर्यादा आहे. मी घरी राहते."

आता हे वाक्य ऐकायला फार साधं आहे. पण शहाऐंशी वर्षांच्या बाईला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणजे तिच्यासोबत कुणीतरी राहायचं, आणि ते कुणीतरी कोण हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. गेल्या नऊ वर्षांत मुलांच्या तीन सहली झाल्या, तिन्ही वेळा मी चिंचवडच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. सेवेची तक्रार नाही. पण यंदा मला जायचं होतं. आणि त्यांना सोडून जायचं नव्हतं.

दिग्व्रत आपल्यापैकी पुष्कळजणींनी घेतलेलं असतं, पण प्रतिक्रमणात पाठ म्हणण्यापलीकडे त्याचा विचार कितीजणी करतात कोण जाणे. श्रावकाच्या बारा व्रतांतलं सहावं, तीन गुणव्रतांतलं पहिलं. चार दिशा, वर आणि खाली, अशी आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवायची. हेतू प्रवास टाळण्याचा नाही. हद्दीबाहेरच्या सगळ्या जगाशी आपला आरंभ-समारंभ संपला, तिथली खरेदी नाही, तिथला व्यापार नाही, तिथली हिंसा आपल्या नावावर नाही. ग्रंथांत म्हटलं आहे की त्या बाहेरच्या क्षेत्रापुरता गृहस्थसुद्धा महाव्रतीसारखा होतो. दोन ओळींचं पच्चक्खाण, पण त्यात केवढी मोठी सुटका आहे पाहा.

सासूबाईंनी हे व्रत 1971 साली चाकणला महासतीजींच्या मुखातून घेतलं. तेव्हाचं चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार आणि आठवड्याची गर्दी, कारखान्यांचा पत्ता नाही. आमच्यांचं तिथे किराण्याचं दुकान होतं. (कांद्याच्या गावात कांदा न खाणारं घर, असं लोक हसून म्हणायचे.) त्या काळी त्यांनी "पाचशे" अशी मर्यादा घेतली. पाचशे काय, हे मात्र घरात कुणाला नक्की माहीत नव्हतं.

मुलगा म्हणाला मैल. ह्यांना वाटलं किलोमीटर. मी नकाशा काढून हिशेब केला. पाचशे मैल म्हणजे साधारण आठशे पाच किलोमीटर. कोची सरळ रेषेत मोजलं तरी साडेनऊशेच्या वर जातं, म्हणजे दोन्ही हिशेबांनी बाहेर. विशाखापट्टणमही तसंच. मंगळुरू सरळ रेषेत सहाशे चाळीसच्या आसपास. मैल असतील तर आत, किलोमीटर असतील तर बाहेर.

मग एकेकाच्या युक्त्या सुरू झाल्या. नातू नववीत आहे, त्याचं डोकं वेगात चालतं. "मोठ्या आजी, तू उत्तरेला कधी जातच नाहीस. उत्तरेचे दोनशे मैल कमी कर आणि दक्षिणेला जोड. बेरीज तीच राहते ना?" सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, त्यांना कौतुक वाटलं. "अरे, हे तुला कुणी शिकवलं? ह्याला तर नाव आहे." क्षेत्रवृद्धी. दिग्व्रताचे पाच अतिचार आहेत. वरची हद्द ओलांडणं, खालची ओलांडणं, आडव्या दिशांची ओलांडणं, एका दिशेतलं काढून दुसरीत घालणं, आणि घेतलेली मर्यादा विसरणं. म्हणजे आमच्या नातवाची युक्ती शेकडो वर्षांपूर्वीच कुणाला तरी सुचली होती आणि आचार्यांनी ती लिहून ठेवून दार बंद केलं होतं! मी बी.कॉम. झालेली, मी त्याला माझ्या भाषेत सांगितलं: धर्मादाय ट्रस्टला औषधांसाठी आलेले पैसे इमारतीच्या रंगाला वापरता येत नाहीत, दोन्ही खात्यांची बेरीज तीच असली तरी. त्याला पटलं. निदान गप्प बसला.

मुलाचा मार्ग वेगळा. सासूबाईंच्या व्रतात गुरुदर्शनाचा आगार आहे, म्हणजे साधुसाध्वींच्या दर्शनाला हद्दीबाहेर जाण्याची सूट. "कोचीत मट्टांचेरीला जैन मंदिर आहे, आपले गुजराती लोक आहेत, कुणी महाराज आले असतीलच." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हाउसबोटीसाठी निघायचं आणि नाव महाराजांचं लावायचं?"

सूनबाईने विचारलेला प्रश्न मात्र मला योग्य वाटला, आणि तो तिने आदराने विचारला. "आई, व्रत त्यांचं एकट्यांचं आहे. त्यात आम्ही सगळ्यांनी का बांधून घ्यायचं?" बरोबर आहे. व्रत घरावर लादायचं नसतं, आणि सासूबाईंनी तसं कधी केलंही नाही. त्या तर स्वतःहून मागे राहायला तयार होत्या. मी तिला म्हटलं, बांधून घेऊ नका, तुम्ही कोची पुढच्या वर्षीही पाहाल. पण त्यांच्यासोबत समुद्र पाहण्याची वर्षं किती उरली आहेत हे तूही मोज. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनेच मंगळुरूची माहिती काढायला घेतली.

आता उरलं मैल की किलोमीटर. पाचवा अतिचार इथेच आडवा येतो. शंभर घेतले होते की पन्नास हे आठवत नसेल, तर पन्नासच्या पुढे जाणं दोषाचं, असं सांगितलेलं आहे. शंकेचा फायदा स्वतःला द्यायचा नाही. सासूबाईंची वही सापडली नसती तर मंगळुरू रद्दच झालं असतं, आणि ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन रविवार आम्ही माळ्यावरच्या पेट्या उपसल्या. लग्नाच्या याद्या, दुकानाच्या खतावण्या, ह्यांच्या दहावीचा निकाल. वही निघाली ती जुन्या सामायिकाच्या बैठकीत गुंडाळलेली. त्यांच्याच वळणदार अक्षरात: चारही दिशा 500 मैल, वर 1 मैल, खाली विहिरीपुरतं. गुरुदर्शनाचा आगार. खाली तिथी.

मैल! ह्यांनी वही कपाळाला लावली.

पण "वर 1 मैल" वाचून मुलाचा चेहरा पडला. महाबळेश्वर चालतं, ते साडेचार हजार फुटांच्या आत आहे. विमान मैलाच्या कितीतरी वर जातं. म्हणजे विमान गेलं, आणि कोकण रेल्वे आली. पुणे-एर्नाकुलम एक्सप्रेस मंगळुरू जंक्शनवरून जाते. नातवाने लगेच दोन शंका काढल्या. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे, तो चालेल का? चालेल. आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तो "खाली" धरायचा का? डोंगराच्या पोटातून गेला तरी गाडी विहिरीत उतरत नाही, असा निकाल सासूबाईंनी दिला.

मंगळुरू ही तडजोड म्हणून निघाली खरी, पण वाचत गेले तसं वाटायला लागलं की आपण आधी इथे का नाही गेलो? शहराला पणंबूर, तण्णीरबावी, सोमेश्वर असे किनारे आहेत. आणि सोमेश्वरच्या शेजारचं उल्लाळ म्हणजे राणी अब्बक्काचं गाव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी लढलेली ही राणी चौटा घराण्यातली, आणि चौटा जैन. तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला 2012 साली तिचं नाव मिळालं. आपल्या मुलींना जैन म्हणजे फक्त दुकान आणि उपवास एवढंच वाटतं, त्यांना ही राणी दाखवायला हवी.

शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर मूडबिद्री. तिथली हजार खांबांची बसदी सुमारे 1430 सालची, चंद्रप्रभ स्वामींची. चौटांच्या जुन्या वाड्यात लाकडावर कोरलेला नवनारी कुंजर आहे, नऊ स्त्रियांच्या देहांनी मिळून बनलेला हत्ती. पण माझं मन अडकलं आहे ते गुरुबसदीत. षट्खंडागमावरची धवला टीका, जयधवला, महाधवला, यांच्या ताडपत्रावरच्या प्रती शेकडो वर्षं फक्त इथे जपल्या गेल्या. लोक दुरून नमस्कार करायचे, वाचायला मिळत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईचे सेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग 1939 साली अमरावतीहून बाहेर पडला. सोलापूर आणि अमरावती! आम्ही स्थानकवासी, मूर्तिपूजेचं आमच्यात नाही, आणि ही सगळी दिगंबर ठिकाणं. पण शास्त्र जपणाऱ्याला वंदन करताना पंथ कुठे आड येतो, असं सासूबाईंचं म्हणणं.

कारकळचा बाहुबली 42 फुटांचा, 1432 सालचा, टेकडीवर आहे; पायऱ्या चढून मुलं जातील. सासूबाईंसाठी वेणूर. तिथली मूर्ती 35 फुटांची, 1604 सालची, फल्गुनी नदीच्या काठी, आणि चढ नाही.

खाण्याचं मी माझ्याकडे घेतलं आहे. स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घेतलंय, त्यामुळे दोन वेळची खिचडी आणि भाजी घरची. बाहेरच्यासाठी मला तिकडचा नीर डोसा फार सोयीचा वाटतो: तांदूळ वाटून लगेच घालायचा, आंबवणं नाही, उडीद नाही, सोबत नारळ. गोळीबजे मैदा-दह्याचे, पण कुणी त्यात बेसन घालत असेल तर आपल्याला द्विदलाचा प्रश्न, म्हणून विचारूनच. गडबड आइस्क्रीमवर नातवाचा डोळा आहे. त्यात जेली असते, ती कशाची हे तोच विचारणार आहे, जबाबदारी त्याची.

पाण्याचा हिशेब जास्त कठीण. सासूबाई पक्कंच पाणी घेतात, आणि थंडीत उकळलेल्या पाण्याची मुदत चार प्रहर, म्हणजे बारा तास. गाडीत रात्र आणि पुढचा बराच दिवस जाणार. किटली गाडीच्या सॉकेटला लावायला बंदी आहे. "तेवढा वेळ पाणी नको, तप होईल," असं त्या म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचं हे तप मी चालू देणार नाही. मडगावला चहाच्या स्टॉलवर आपलं भांडं देऊन पाणी उकळून घ्यायचं, हे काम ह्यांच्याकडे. डब्यात खाखरे, दशम्या, कोरडी चटणी, कुरमुरे. तिथी पाहून हिरवी भाजी कुठल्या दिवशी नाही तेही लिहून ठेवलंय.

आणि चौविहार. डिसेंबरअखेर मंगळुरूचा सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, पुण्यापेक्षा पाचसहा मिनिटं उशिरा. मुलं म्हणाली, किनाऱ्यावर सगळी मजा सूर्यास्तानंतरच असते. असेल. पण पश्चिमेचा समुद्र आहे. साडेपाचला जेवून, सहा वाजता वाळूत खुर्ची टाकून बसलं तर सूर्य बुडताना पाहायला आपल्याइतकं निवांत कुणीच नसणार, बाकीचे सगळे भेळेच्या रांगेत. मिनिटं मोजून सूर्यास्त पाहायची सवय आपल्याला जन्माची आहे, फक्त आजवर तो भिंतीवरच्या घड्याळात पाहिला.

तिकिटं साठ दिवस आधी मिळतात, त्यामुळे उघडली त्याच दिवशी काढली. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंदच आहे, पूर्ण भाडं पडलं. खालचे बर्थ तीन मिळाले. परतीला मुलगा, सून आणि नातू विमानाने येतील, रजा तेवढीच आहे. आम्ही तिघं गाडीने. मुलाने कोचीच्या हॉटेलांची यादी पुसलेली नाही, मी पाहिलं.

सासूबाईंनी काल वही पुन्हा मागून घेतली. मला वाटलं पान पाहायचं असेल. त्यांनी खाली नवी ओळ लिहिली आहे: मंगळुरूहून आल्यावर चारही दिशा 100 मैल. मी विचारलं, इतकं कमी? त्या म्हणाल्या, "आता आणखी कुठे जायचंय?" मग चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, समुद्राच्या वाळूत काठी रुतते का गं?