खरखर

मार्गासनीच्या नाक्यावर, जेथून वेल्ह्याचा रस्ता सरळ पुढे जातो आणि साखर-गुंजवण्याचा फाटा राजगडाच्या पायथ्याकडे वळतो, तेथे आषाढातल्या एका सकाळी पावसाने अडवून धरलेल्या मंडळींत चहाचा पेला हाती घेऊन मी उभा असता, गड चढावयास पुण्याहून आलेल्या एका तरुणाच्या काळ्या सदऱ्यावर माझी दृष्टी खिळली. सदऱ्यावर पांढऱ्या रेषांचे जाळे होते. त्यास बुंधा होता, फांद्या होत्या, खाली लोंबणाऱ्या मुळ्याही होत्या, पण अक्षर म्हणावे असे काही हाती लागत नव्हते. उमेदीची वर्षे ज्याने मोडी दफ्तरे उलगडण्यात घालविली, लेखणी न उचलता ओळ संपविणाऱ्या कारकुनांचे करीने आणि महजर वाचले, वाळवीने अर्धी खाल्लेल्या सनदांतून इनामाचे बिघे-पांड शोधून काढले, त्यास न वाचता येणारे लेखन समोर असताना चहा गोड लागणे कठीण. मी डोळे बारीक करून त्या रेषांची रुजुवात घेऊ लागलो. मुलाच्या ते ध्यानात आले.

“आजोबा, बँडचं नाव आहे ते, वाचता येऊ नये असंच काढलंय,” तो म्हणाला, आणि कानातली एक गुंडी काढून माझ्यापुढे धरीत, “ऐकून बघा. त्रास होईल, आधीच सांगतो.”

तालवाद्य म्हणावे तर एकच अखंड खडखडाट, तंतुवाद्य म्हणावे तर दात शिवशिवावेत अशी एक लांबच लांब करकर, आणि या दोहोंच्या पलीकडे, दोन खोल्या ओलांडून यावा तसा, घसा खरवडून ओरडणारा एक पुरुष. गुंडी परत करण्याचे भान मला राहिले नाही.

या संगीतास ब्लॅक मेटल म्हणतात. व्हेनम नामक इंग्रज मंडळींच्या १९८२ सालच्या तबकडीवरून ते नाव पडले, स्टॉकहोमच्या बाथरीने १९८४ साली गॅरेजात ध्वनिमुद्रण करून त्यास कच्चेपण दिले, आणि १९९०नंतर नॉर्वेतल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी त्याचा पंथ केला. मी ऐकले ते डार्कथ्रोन या जोडीचे ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’, साल १९९४. त्यातील सारी वाद्ये फेनरिझ हे नाव धारण करणाऱ्या एकट्या गृहस्थाने घरीच, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर वाजवून ठेवली आणि सोबत्याने मागाहून आवाज चढविला. उत्तम स्टुडिओचा रस्ता त्यांस ठाऊक नव्हता असे नव्हे. १९९१ची पहिली तबकडी त्यांनी स्टॉकहोमच्या नामांकित सनलाइट स्टुडिओत केली होती, आणि तेथून ते जाणूनबुजून या दारिद्र्यात उतरले. याच पंथातल्या बर्झुमच्या ‘फिलोसोफेम’ या तबकडीसाठी तर गायकाने हाती लागेल तो सर्वांत वाईट ध्वनिग्राहक मागून घेतला, असे तो स्वतःच सांगतो. वाईट यंत्र मागून घेणारा कलावंत मला तत्काळ आपला वाटला, आणि त्याचे कारण भोंगा आहे.

माझे आजोळ याच खोऱ्यातले. वैशाखात लग्नसराई लागली की नसरापुराकडून स्पीकरवाला येई; मोटारीची बॅटरी, ॲम्प्लिफायरची पेटी, तबकड्यांचा खोका आणि जस्ती रंगाचा, लांब तोंडाचा तो कर्णा एवढा त्याचा सरंजाम. पेटी मांडवात राही आणि कर्णा गावातल्या उंचांत उंच आंब्याच्या शेंड्यास, तोंड मुद्दाम दुसऱ्या गावाकडे करून, बांधला जाई. कारण ज्यांना आमंत्रण आहे ते येणारच होते, लग्नाची वर्दी पोचवावयाची ती ज्यांना आमंत्रण नव्हते त्यांना. मग दिवसभर सुलोचना चव्हाणांच्या लावण्या चालत. पण आमच्या ओटीवर पोचत त्या लावण्या कोणत्या? भोंग्याची घडण अशी की खर्जाचे स्वर त्यातून बाहेर पडतच नाहीत; डग्गा मांडवातच राही, चाटीची टणटण तेवढी येई; झिजलेल्या सुईने गाण्यावर आपले दुसरे गाणे कोरलेले असे; बॅटरी उतरू लागली की बाईंचा स्वर फुटून त्यास कड येई. त्यावर भाताच्या उघड्या खाचरांवरून येणारा वारा अर्धी ओळ उचलून नेई आणि समोरच्या डोंगराने उशिरा परत केलेली आधीची अर्धी ओळ तिच्या जागी आणून ठेवी. आजी हातातले सूप थांबवून विचारी, “कुणीकडचा कर्णा हाय रं?” आणि आम्ही पोरे नुसत्या खरखरीवरून गाव सांगत असू. विंझरचा आवाज निराळा, साखरचा निराळा. गाणे तेच, तबकडी तीच, बहुधा स्पीकरवालाही तोच, तरी मधले ओढे, बांध, टेकाडे यांनी त्याचे जे काही करून ठेवलेले असे त्यावरून ओळख पटे, आणि ती फारशी चुकत नसे. पुढे पुण्यात एका सधन आप्तांच्या दिवाणखान्यात, मखमली पडद्यांच्या सान्निध्यात, तीच लावणी मी उंची रेडिओग्रामवर ऐकली. डग्गा होता, बाईंचा श्वासदेखील ऐकू येत होता, मंडळी माना डोलावीत होती. आणि मला मात्र ती लावणी न्हाऊमाखू घालून, भांग पाडून, पाहुण्यांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखी केविलवाणी वाटली. गाण्यातले अंतर काढून घेतले होते. जे आवाज कष्टाने येतात, वाटेत काही गमावून येतात, त्यांच्याकडे मनुष्य कान टवकारून जातो. आयत्या कानात ओतलेल्या स्वच्छ आवाजाकडे जाण्याची त्यास गरजच पडत नाही.

डार्कथ्रोनच्या त्या चार ट्रॅकच्या यंत्रात हेच अंतर भरलेले आहे. वेगाची गोष्ट अधिक विलक्षण. गिटारची तार खालीवर इतक्या त्वरेने छेडली जाते की सेकंदास दहा-बारा आघात सहज पडावेत. आता, आघात सेकंदास विसाच्या पलीकडे गेले की कान ते मोजणे सोडून देतो आणि त्यांस स्वर मानू लागतो. हे संगीत त्या सरहद्दीच्या किंचित अलीकडे ठाण मांडून बसते, म्हणून काही क्षण धांदल ऐकू येते आणि मग धांदल नाहीशी होऊन एक विस्तीर्ण, जवळजवळ निश्चल असे पटांगण पसरते, ज्यावर मूळ चाल विलंबित ख्यालाच्या चालीने, घाई न करता, इकडून तिकडे जात असते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासघासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, तीदेखील वस्तुतः तारेस शिकविलेली खरखरच. ती नसती तर तंबोरा चार स्वर बोलून गप्प बसला असता. जवारीस नादब्रह्म म्हणावयाचे आणि गिटारच्या खरखरीस गोंगाट, हा भेदभाव मला आता पक्षपाताचा वाटतो.

नॉर्वेकरांची चालचलणूक मात्र मला मान्य नाही, हे येथेच नोंदवितो. १९९२च्या जूनमध्ये बेर्गेनजवळचे फांटॉफ्टचे जुने लाकडी ख्रिस्ती देऊळ जळाले, पाठोपाठ आणखी काही जाळण्यात आली. १९९३च्या ऑगस्टमध्ये बर्झुमच्या कर्त्याने, व्हार्ग व्हिकर्नेसने, मेहेम मंडळींतल्या युरोनिमसचा खून केला आणि त्यास २१ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या सैतानाविषयीही मला आस्था नाही. ज्या मुलखात वेताळाच्या दगडास लोक मुकाट्याने शेंदूर लावून नारळ फोडतात, तेथे सैतानाच्या नावाने एवढे ओरडण्याचे प्रयोजन समजणे जडच. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली दशावतारांवर तबकडी केली, ती त्या मुलाने मला आवर्जून ऐकविली. तयारी मोठी, यात संशय नाही; पण तीत झगमगाट फार, आणि माझा जीव त्या गरीब यंत्रात अडकलेला.

फेनरिझचे मात्र मला कौतुक वाटते. देवळे जाळण्याच्या आणि खुनाच्या खटल्यांत त्याचे नाव नाही. तबकड्या काढीत असता त्याने वर्षानुवर्षे टपालखात्यात नोकरी केली, आणि ऑस्लोनजीकच्या कोल्बोटन नामक आपल्या गावी तो राहिला. २०१६ साली त्याच्याविषयी एक बातमी जगभर झाली. गावातल्या एका राजकीय पक्षाने निवडणुकीची यादी भरावयाची म्हणून त्याचे नाव घातले होते. त्याने मांडीवर मांजर घेऊन छायाचित्र काढविले, त्याखाली ‘कृपा करून मला मत देऊ नका’ असा प्रचार केला, आणि लोकांनी त्यास बदली सभासद म्हणून निवडून दिले. सभेस कोणी गैरहजर राहिला की यास जावे लागणार, म्हणून स्वारी खट्टू झाली होती. मी ही हकीगत नाक्यावर सांगितली, तेव्हा ग्रामपंचायतीस दोनदा पडलेले एक गृहस्थ बशीतला चहा थांबवून म्हणाले की, मांजर कोणत्या रंगाचे होते तेवढे सांगा.