गुलाबी-जांभळ्या काचा

बीडीएसची चार वर्षं उलटतात, इंटर्नशिप संपत येते आणि होस्टेलच्या खोल्यांतून शॅफरचं जाडजूड पुस्तक पुन्हा बाहेर निघतं. पहिली आवृत्ती १९५८ची. त्यानंतर दंतवैद्यांच्या कितीतरी पिढ्या ओरल पॅथॉलॉजी त्यातूनच शिकल्या. आता त्याच पानांवरून नीट-एमडीएस या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करायची असते. २४० प्रश्न, तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा.

पाऊण मिनिटात आठवायचं तर डोळ्यांसमोर चित्र लागतं आणि या विषयात चित्रांना तोटा नाही. अमेलोब्लास्टोमाच्या एक्स-रेत साबणाचे बुडबुडे दिसतात, हॉजकिन लिम्फोमातली रीड-स्टर्नबर्ग पेशी घुबडाचे डोळे वटारून बघते, तर अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची मायक्रोस्कोपखालची काच भोकाभोकांच्या चीजसारखी. मुलं ही चित्रं भिंतीवर चिकटवतात, रात्री एकमेकांना विचारतात.

पण चित्राला कारणाची जोड मिळाली की ते पक्कं बसतं. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्टचंच बघा. अस्तर पातळ, जेमतेम सहा-आठ पेशींच्या जाडीचं. तळाच्या पेशी कुंपणाच्या फळ्यांसारख्या ओळीनं उभ्या. हे अस्तर खालच्या ऊतीला घट्ट धरून नसतं, काढताना फाटतं. भिंतीत बारीक पिल्लं-सिस्ट दडलेल्या असतात. म्हणून ही सिस्ट पुन्हा उद्भवते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वर्षानुवर्षं तपासणीला बोलवावं लागतं. एकाच जबड्यात अशा अनेक सापडल्या तर गोर्लिन सिंड्रोमचा विचार करायचा. एवढं उमजलं की चार पर्यायांतले तीन आपोआप गळतात.

विदर्भातल्या इंटर्नला तर अर्धं पुस्तक ओपीडीतच भेटतं. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा पस्तिशीचा माणूस समोर बसतो. ‘काका, आ करा,’ म्हटलं तरी तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. गालाची आतली कातडी पांढुरकी पडलेली. बोट फिरवलं की उभे, ताठ पट्टे लागतात. तिखट तोंडात धरवत नाही, अशी तक्रार. पट्टी लावून पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहायचं. हाच ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहिलं. मूळ कारण सुपारी. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला उद्युक्त करतं, तांबं ते कोलॅजन सांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेजला बळ देतं आणि टॅनिनमुळे ते सहजी विरघळत नाही. बनतं जास्त, मोडतं कमी. काचेवर वरचं अस्तर झिजलेलं आणि त्याखाली एकसंध गुलाबी थर दिसतो. काहींमध्ये पुढे कर्करोग होतो. केसपेपर आणि काच शेजारी ठेवून ज्यानं हे एकदा समजून घेतलं, त्याला या आजाराची टिपणं काढावी लागत नाहीत.

लिझगँग रिंग कशात दिसतात, या प्रश्नाचं उत्तर मुलं झोपेतही देतात: पिंडबोर्ग ट्यूमर. हे डॅनिश पिंडबोर्ग भारताला मात्र फार जवळचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर त्यांनी इथल्या खेड्यांतली तोंडं तपासण्याच्या कामात भाग घेतला. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या पाहणीचा त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. गावोगावच्या माणसांच्या तोंडांची ही एवढी मोठी नोंद. क्लासच्या नोट्समध्ये पिंडबोर्ग यांच्या वाट्याला एक ओळ येते, याचं वाईट वाटतं.

निकालानंतर चांगल्या रँकची मुलं बहुधा ऑर्थो किंवा एन्डो घेतात. ओरल पॅथॉलॉजीच्या जागा उशिरापर्यंत उरतात. या शाखेला याहून मोठा मान मिळायला हवा. गालातली गाठ काढली तरी शस्त्रक्रिया पुरेशी झाली का, हे सर्जनला पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टवरूनच कळतं: कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी आहेत की कड स्वच्छ आहे, पेशी किती खोल शिरल्या आहेत, मानेतल्या किती गाठींपर्यंत पोचल्या आहेत. रेडिएशन द्यायचं की नाही, हे पुढे त्यावरच ठरतं.