सिलिंडरातले बिऱ्हाडकरू

एका छपराखाली नांदणारी माणसे एकाच वेळी घर सोडत नाहीत, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरातही हाच संसार चाललेला असतो! मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला तो वाचून समजला, आणि कादंबरीइतकाच रंगला.

आत बिऱ्हाडे मुख्यतः दोन, प्रोपेन आणि ब्युटेन. दाबाखाली दोघे द्रवरूपाने एकत्र राहतात. वरच्या मोकळ्या जागेत त्यांचीच वाफ असते. शेगडी पेटली की ती वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालचा द्रव उकळू लागतो. मोकळ्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळते, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. साहजिकच प्रोपेनची वळकटी सदा बांधलेली! द्रवात दोघे निम्मेनिम्मे असले, तरी वाफेत भरणा प्रोपेनचा. सिलिंडर सरत येतो तेव्हा तळाशी ब्युटेनचा वाटा वाढलेला असतो, दाबही उतरलेला असतो.

गेल्या दिवाळीत वरंधला आमच्या शेजारच्या आजींकडे चकल्या तळणे चालले होते. सिलिंडराच्या अंगावर पाण्याचे थेंब जमले होते; वाफ होताना द्रव आपलीच ऊब खर्च करतो आणि पत्रा गार पडतो. मी आजींना ही सारी हकीकत सांगितली. त्यांचे तिन्ही मुलगे मुंबईला. चकल्या त्यांच्यासाठीच, एस.टी.ने जायच्या होत्या.

त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, हलकं ते आधी जातं, जड ते तळाला राहतं. मग गेलेल्याला माया नसते म्हणायचं का?"

शास्त्र तसे म्हणत नाही. वर गेलेल्या वाफेत थोडे ब्युटेन असतेच, तळच्या द्रवात थोडे प्रोपेन उरतेच. आणि हायड्रोजनची तर तऱ्हाच न्यारी. तो सर्वांत हलका. उणे २४० अंशांच्या वर कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. सोडावॉटर तापवले तर त्यातला वायू पळतो. खनिज तेलात दाबाखाली विरघळलेला हायड्रोजन मात्र, तेल तापत जाईल तसा, बऱ्याच मर्यादेपर्यंत अधिकच विरघळतो. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत अशाच तापात आणि दाबात तो डिझेलमधले गंधक काढून घेतो. चकल्या नेणारी एस.टी. स्वच्छ डिझेलवर धावते, त्यात या हलक्याचाही हात आहे.

"म्हणजे ताप वाढला की हा आणखी आत शिरतो?" आजींनी विचारले.

"हो."

"खरंच की! तळीयेची दरड पडली, तेव्हा माझे तिघंही आलेच होते."

२२ जुलै २०२१. महाड पुरात बुडालेले, रस्ते तुटलेले, शेजारचे तळीये दरडीखाली गेलेले. वाट मिळेल तसे ते तिघे चिखल तुडवीत गावात शिरले होते, आणि पुढे पंधरा दिवस फावडे त्यांच्या हातून सुटले नव्हते.

कोण आधी उठून गेला, यावरून त्याची माया मोजू नये. गाव तापले तेव्हा तो कुठे होता, एवढेच विचारावे.