पाचला म्हावरं येतं



हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू झाला की आमच्या बौद्धवाडीत बाईमाणूस सापडत नाही. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते. पुढे पाट्या उचलायच्या, बर्फ फोडायचा, कोळंबी सोलायची. हे करणाऱ्यांत आमच्या आया-बहिणी आहेत. मजुरी रोख, कागद कसलाच नाही.

आणि आम्ही? समाजशास्त्रात एम.ए. केलेले, विहारातली बैठक दर रविवारी संध्याकाळी पाचला ठेवणारे! बायका येत नाहीत म्हणून दोन वर्षं इतिवृत्तात 'महिलांमध्ये जागृती नाही' असं लिहीत होतो. शेवटी एका आजीनेच सुनावलं, "अरे बाबा, पाचला म्हावरं येतं. तुझ्या बैठकीला येऊ, की चूल पेटवू?"

लाज वाटली.

कोकणातल्या जातीवर बोलताना आपण खोतीवर बोलतो. बोललंच पाहिजे. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं, 10 जानेवारी 1938 ला शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. कायदा व्हायला 1949 उजाडलं. पण जमिनीचा हिशेब मांडताना बंदर आपल्या नजरेतून सुटलं. बोटीला भांडवल लागतं, आणि ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांना ते कोण देणार? कोळी, खारवी, भंडारी, दालदी बांधवांशी आमचं भांडण नाही. त्यांच्यातलेही कितीतरी जण दुसऱ्याच्या बोटीवर खलाशीच आहेत.

भांडण नोंदीशी आहे. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे पाटीवालीची मजुरीही बंद. त्या दिवसांसाठी घरात सुकट, बोंबील साठवलेले असतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले आणि ते सगळं भिजून कुजलं. आमच्या वाडीत आलेल्या पंचनाम्याच्या कागदावर घर होतं, बोट होती, जाळं होतं. सुकटीला रकाना नव्हता.

आता बैठक रात्री साडेआठला असते, लिलाव आटोपल्यावर. बायका येतात, हाताला मासळीचा वास घेऊनच येतात. गेल्या रविवारी ई-श्रमच्या नोंदणीसाठी नावं लिहून घेत होतो. व्यवसायाच्या रकान्यात सवयीने 'घरकाम' लिहिलं. आजी शेजारी बसली होती. वाचता येत नाही तिला, म्हणून विचारलं, "काय लिहिलंस?"

सांगितलं. तिने ते खोडायला लावलं.