गिअरबॉक्सचा ताप

माणसाला ताप आला की तो कण्हतो, पेज मागतो आणि कचेरीला दांडी मारतो. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला ताप आला तरी तो बिचारा कामावर हजर असतो. सगळ्यांना वाटते, प्रकृती ठणठणीत आहे. आणि एके दिवशी एकदम शोकसभाच!

आमच्या साडूंनी, म्हणजे अण्णांनी, ऑटोमॅटिक गाडी घेतली ती काही चैन म्हणून नव्हे. त्यांचा डावा गुडघा क्लच दाबायला राजी नव्हता. ही गाडी गेली की अण्णा कायमचे मागच्या सीटवर; आणि मागच्या सीटवरचे अण्णा म्हणजे चालवणाऱ्याला सक्तमजुरी. म्हणूनच मे महिन्यात, पसरणी घाटात, पाचगणीकडे सरपटणाऱ्या रांगेत गिअरबॉक्सच्या तापाचा दिवा लागला, तेव्हा पोटात गोळा आला तो माझ्या.

"अहो, बंद करा ती गाडी आणि पाणी ओता!" मागून ताई म्हणाल्या.

"अण्णा, कडेला घ्या, 'पी'मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, पण इंजिन चालू राहू द्या," मी म्हटले. बँकेत जन्म गेल्यामुळे बारीक टायपातले वाचायची मला खोड आहे. गाडीची पुस्तिका मी अण्णांच्या आधी वाचली होती. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिनच थांबले तर गरम तेल कूलरपर्यंत जाणार कसे?

"पण मुळात तापतं कशाला?"

समोरासमोर दोन पंखे ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. चढावर, गोगलगायीच्या चालीने जाताना इंजिनाकडचा पंखा गरगरतो, चाकांकडचा रेंगाळतो आणि मधला फरक उष्णता होऊन तेलाच्या खात्यात जमा होतो. आमच्याकडे एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर असाच जातो. फक्त तापतो तो खातेदार.

हे तेल साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला खुशीत असते. जुना ठोकताळा असा, की दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. ८० अंशांना १,६०,००० किलोमीटर टिकणारे तेल शंभरीच्या जरा पुढे ४०,००० वर येते. चक्रवाढ व्याजच, पण उलटे!

वीसेक मिनिटांनी दिवा विझला. मग अण्णांनी 'डी' सोडून हाताने खालचा गिअर निवडला, पुढच्या गाडीशी अंतर ठेवले, आणि चढावर थांबताना गाडी अॅक्सिलरेटरवर न तोलता ब्रेकवर धरली. एसीही बंद केला. ताईंनी पदराने वारा घेत निषेध नोंदवला.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये तेल काढले. मूळचे लालभडक तेल तपकिरी झाले होते आणि जळका वास मारत होते. नवे भरल्यावर बिल पाहून अण्णा कुरकुरले, "एवढे पैसे नुसत्या तेलाला?"

"अण्णा, हे फक्त व्याज. मुद्दल अजून शाबूत आहे."

अण्णांनी डावा गुडघा चोळला आणि मुकाट्याने पाकीट काढले.