मागच्या बाकावरच्या आजी



सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळीत रविवारचं शास्त्रवाचन आम्ही तिघं आळीपाळीने करतो. चौदा वर्षं झाली. ईस्टरनंतरच्या एका रविवारी उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या आजींनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "बाळांनो, सुरुवात छान करता, पण वाक्याचा शेवट गिळता. आम्हाला मागं काही कळत नाही."

आम्ही हसून "हो आजी" म्हटलं. रिक्षात बसल्यावर मात्र तिघंही फुगलेलो. इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही, मग आत्ताच का? "आता दुसऱ्यांनाच वाचू दे," असंही आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. कोण, ते सांगत नाही.

त्याच महिन्यात तरुण संघाची सहल गो-कार्टिंगला गेली. आमचा एक मुलगा प्रत्येक वळणावर टायर किंचाळवत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. वेळेचा कागद हातात आला तर त्याच्यापेक्षा एक गप्प बसणारी मुलगी पुढे! त्याचा विश्वासच बसेना. रेसिंगचं वेड असलेल्या दुसऱ्या एका मुलाने समजावलं: कार्ट घसरते तेव्हा चालवणाऱ्याला आपण वाऱ्यासारखे चाललो असं वाटतं, पण वेग टायर घासण्यातच जातो. सीटवर बसून हे कळत नाही, बाहेरून पाहणारा लागतो.

परतताना बसमध्ये तो बोलतच राहिला. मोठ्या शर्यतींत ब्रेक कुठे दाबला, अ‍ॅक्सिलरेटर कधी दिला, स्टिअरिंग किती फिरवलं, सगळ्याची नोंद होते. कोच ती रेघ जास्त वेगवान चालकाच्या रेघेवर ठेवून दाखवतो. मग वाद घालायला जागा उरत नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाला कार्टिंगमध्ये रेयोमंड बनाजी यांनी शिकवलं, आणि ते स्वतः राष्ट्रीय विजेते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर इथे जेहानने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली.

आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते रॉब विल्सन यांचं. हे न्यूझीलंडचे जुने चालक. इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या विमानतळाच्या धावपट्टीवर ते साध्या घरगुती मोटारीत शेजारी बसून शिकवायचे. आणि शिकायला कोण? फॉर्म्युला वनच्या शर्यती जिंकणारे डेव्हिड कुल्थार्ड, वाल्टेरी बोटास! गाडीचं वजन एका चाकावरून दुसऱ्यावर हळुवार कसं न्यायचं, एवढ्यासाठी ते साध्या गाडीत येऊन बसत.

त्या रात्री आम्ही प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय उघडला. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात पारंगत. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. ही दोघं तंबू शिवणारी माणसं, आमच्याकडच्या लूमवर काम करणाऱ्या जोडप्यांसारखी. ऐकताना अपुल्लोसला राग आला का, हे लूक लिहीत नाही. पुढे अखयात जाऊन त्याने विश्वासणाऱ्यांना पुष्कळ साहाय्य केलं, एवढं लिहितो.

पुढच्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर मोबाइल ठेवून वाचन रेकॉर्ड केलं. ऐकताना एकमेकांकडे बघवेना. पंख्यांची घरघर, आणि त्यात आमची अर्धी वाक्यं बुडालेली. ज्या स्तोत्रात देव जवळ आहे असं शेवटी येतं, तिथला शेवटच नाही. मागे बसतात कोण? रात्रपाळी संपवून लूमवरून थेट येणारे आमचे भाऊ. आठवड्यातून एकदा त्यांच्या कानावर वचन पडायचं, ते आमच्यामुळे पडत नव्हतं. हे मनाला फार लागलं.

आम्ही तिघं आजींच्या घरी गेलो. चहा झाला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कशाला? जोरात वाचा." मग त्यांनीच उपाय काढला: ऐकू आलं नाही की त्या काठी वर करणार.

गेल्या रविवारी यशया वाचताना काठी दोनदा वर गेली. पहिल्यांदा मंडळीत जरा हशा झाला. दुसऱ्यांदा आमच्या वाचकाचे कान लाल झाले. तो थांबला, श्वास घेतला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.